पूजेला दिलेली किल्ली

मी एक जुना भित्तिपत्रकाचा फलक आहे. शहाडजवळच्या एका सरकारी महाविद्यालयात, जिन्याशेजारच्या भिंतीवर माझं बिऱ्हाड. मित्रांनो, मुलं हाताने लिहिलेली पानं माझ्या काचेआड लावतात आणि येणारे-जाणारे ती उभ्या उभ्या वाचतात.

आंबिवलीच्या जगन सुताराने मला सागवानात घडवलं. मला इथे आणलं मराठीच्या हरिहर सरांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कुलपाची एकुलती एक किल्ली विद्यार्थी संपादकाच्या हातावर ठेवली आणि सर्वांदेखत सांगितलं, "लिहिलेलं काढायचं, तर लिहिणाऱ्याने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा." तेव्हापासून किल्ली मुलांकडेच. कँटीनच्या पाणचट सांबारावर लिहिलं गेलं, न होणाऱ्या तासांवर लिहिलं गेलं. माझ्या काचेवर बोटांचे, नाकांचे ठसे उमटत. मला कोण अभिमान वाटायचा!

यंदा किल्ली रुचिताकडे होती. तपासणी समिती आली तेव्हा मुलींचं नवं स्वच्छतागृह दोन दिवस उघडलं. समितीची पाठ फिरताच त्याला पुन्हा टाळं लागलं. रुचिताने तेवढंच लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. वाचायला ही झुंबड उडाली.

हरिहर सर आता प्रभारी प्राचार्य आहेत. खंडेनवमीला माझ्यासमोरच टेबल मांडून कात्र्या, पंचिंग मशीन, चाव्यांचे जुडगे पूजेला ठेवले होते. सर म्हणाले, "रुचिता, तुझंही हत्यार ठेव गं." पोरगी हरखली. किल्लीला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल. मीही भोळाच, भरून पावलो.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं, म्हणून किल्ली तिथेच राहिली. दसऱ्याच्या सुट्टीत सर एकटेच आले. त्याच किल्लीने त्यांनी मला उघडलं. हात ओळखीचे होते, म्हणून मी कुरकुरलोही नाही. रुचिताचं पान निघालं आणि त्या जागी वाणीच्या संयमावरचा एक छापील सुविचार आला.

सुट्टीनंतर रुचिताने त्यांना माझ्यासमोरच गाठलं. "सर, किल्ली?"

"राहू दे माझ्याकडे. यापुढे आधी मला दाखवायचं, मग लावायचं."

"पण सर, लिहिणाऱ्यानेच काढायचं, हे तुम्हीच सांगितलेलं ना?"

"तेव्हा मी नुसता शिकवत होतो गं," सर म्हणाले आणि जिना चढून गेले.

आता मला नवं पॉलिश आहे. काच लख्ख आहे, कारण तिला नाक लावायला कुणी येत नाही. वाळवी लागली असती तरी इतकं दुखलं नसतं. वाळवीने मला कधी शब्द दिला नव्हता.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल, माझी किल्ली जपा. कुणी मान देऊन मागितली तरी हातची सोडू नका. रुचिता ती मागायला रोज सकाळी सरांच्या केबिनकडे जिना चढते. एकटीच चढते. तेवढं तिला एकटीला जाऊ देऊ नका.