बिनधक्क्याची जीप

जीपने रस्त्यातला पहिला खड्डा गिळला तेव्हा ती चार इंचांनी उंच झाली. श्रीपतराव खोराटे खाली उतरले, खिशातली टेप काढली आणि टपापासून जमिनीपर्यंत मोजून पाहिलं. चारच इंच. मागे वळून पाहिलं, तर खड्डा होता तिथे रस्ता सारवल्यासारखा सपाट होता. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला जागेवरची वस्तू जागेवर दिसली नाही की चैन पडत नाही. त्यांनी पुन्हा मोजलं, आकडा तोच आला, तेव्हा ते गाडीत येऊन बसले.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या अनसूयाबाईंनी विचारलं.

"खड्डा गाडीत गेला."

"ह्यो बोरीपाशीचा खड्डा हुता," त्या म्हणाल्या. "त्यो बसला की मला डोळं झाकून कळायचं, निम्मी वाट सरली म्हणून."

दोनच दिवसांपूर्वी श्रीपतरावांनी गारगोटीला नेमगोंडा मिस्त्रीकडे गाडी वर उचलून घेतली होती. मिस्त्रीच्या दारात नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप बसवलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. श्रीपतराव तिन्हींतून एकेक फेरी मारून आले. पहिलीचा जोड ताठ होता, ओढ्यातल्या धोंड्यांवर गाडी चढवणाऱ्या हौशी लोकांसाठी. त्यात माणसाच्या दाढा मोकळ्या होत. दुसरीचा मधला. त्यात धक्का बसायचा, पण सांगून-सवरून बसायचा. तिसरीचा जोड इतका मऊ, की मिस्त्रीने त्याचं नावच गादी ठेवलं होतं.

"बसणार कोण?" मिस्त्रीने विचारलं.

"आमची मंडळी. मणक्यात गॅप हाय. डॉक्टरनं धक्का वर्ज्य सांगितलाय."

"मग त्यास्नी आणा की. बसवून बघू. मला इचाराल तर मधलाच बरा."

"तिला काय कळतंय स्प्रिंगातलं?"

"स्प्रिंगातलं नसंल. बसण्यातलं कळतंय न्हवं?"

श्रीपतराव हसले आणि त्यांनी गादीकडे बोट केलं. "दोन इंच वर घ्या. आणि एकबी धक्का लागता कामा नये."

"एकबी?"

"एकबी."

मिस्त्रीने खडूने टायरवर तसंच लिहून घेतलं.

आता खरं सांगायचं तर ही जीप घेतलेली होती तीच मुळी अनसूयाबाईंच्या माहेरासाठी. माहेर पठारावर, तिथे दुसरी गाडी चढत नाही, असं सांगून श्रीपतरावांनी ती दारात आणली. पण एकदा चारही चाकं ओढतात म्हटल्यावर दर रविवारी ते जीपवाल्यांच्या क्लबातल्या दोस्तांबरोबर ओढ्यात, चिखलात, खाणीत जायला लागले. माहेरचा विषय निघाला की मात्र रस्ता फार वाईट, तुझी कंबर सोसायची नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचता चांगलं येत होतं, अंगण तेवढं बायकोच्या माहेरचं होतं. अशी अकरा वर्षं गेली.

मग हौसाक्काचा निरोप आला. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच अनसूयाबाईंना न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. निरोप एवढाच होता, की माझी नजर चाललीय, आता अंगणापुरतंच दिसतंय, तू दिसतीस तोवर येऊन जा. निरोप ऐकून अनसूयाबाईंनी पिशवी भरायला घेतली. त्या पिशवीकडे बघून श्रीपतरावांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटलेला माणूस करतो तसं ते जरुरीपेक्षा जास्त करायला निघाले.

बोरीनंतरचा खड्डा नऊ इंचांचा निघाला. त्याच्या पुढचा, जिथे पावसाचं पाणी साठून म्हशी बसायच्या, तो चांगला दोन फुटी. जीप एकेक खड्डा गिळत गेली आणि तेवढीच वर होत गेली. आत मात्र तांब्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. श्रीपतरावांना क्षणभर अभिमान वाटला.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"कायच वाटत न्हाई," अनसूयाबाई म्हणाल्या.

"कंबर?"

"हाय का न्हाई, तेबी कळंना."

घाटाच्या तोंडाशी मागून एसटी आली. ती जीपच्या दोन चाकांमधून, खालून, निघून गेली. कंडक्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं आणि बाजू देत चला म्हणून सांगितलं. श्रीपतरावांनी हात करून चूक कबूल केली. ती गेल्यावर त्यांनी दारातून टेप खाली सोडली. पाच मीटरची टेप संपली आणि तिचं टोक वाऱ्यावर लोंबत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची टेप अपुरी पडली होती.

आता उतरायला जागा नव्हती. मागे फिरावं, तर मागचा सगळा रस्ता सपाट झालेला, गिळलेले खड्डे परत टाकायला जागाच उरली नव्हती. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

"गाडी खाली कशी घ्यायची?"

"किती खड्डं खाल्लं तिनं?"

"सतरा."

"मग आता न्हाई यायची. तुमीच सांगितल्यालं, एकबी नको. आतल्या कुणाला तरी धक्का बसल्याबिगर ती खाली येत न्हाई."

"मधला जोड घेतला असता तर?"

"तर आतापतुर पोचून च्या पीत बसला असता," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून श्रीपतरावांना ते जास्त लागलं.

अनसूयाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पूर्वी ह्या वाटेवर त्या डोळे मिटून धक्के मोजत, पुलापुढं तीन, शाळेपाशी एक मोठा, मग देवळाचं वळण. आज मोजायला काही नव्हतं. "आलं का?" त्या दर थोड्या वेळाने विचारत, आणि श्रीपतराव खाली वाकून बघत. चिंचेचे शेंडे चाकांच्या खाली राहिले होते. देवळाचा कळसही खालीच गेला.

"आलं," शेवटी ते म्हणाले.

हौसाक्काचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं. दुपारची उन्हं अंगणात पडली होती. जीपचं एक चाक उकिरड्याशी होतं, एक विहिरीपलीकडे. खालचं बोलणं मात्र कानाशी बोलल्यासारखं वर येत होतं.

"कोण आलंय?" अंगणातून हौसाक्काने विचारलं.

"तुमची आनू आलीया," शेजारीण म्हणाली. "वर हाय."

"माडीवर?"

"न्हाई. लई वर."

हौसाक्काने कपाळाला हात लावून मान वर केली. "आनू, मला दिसंना गं तू."

"आक्का, मी हितंच हाय," अनसूयाबाई दारातून वाकून म्हणाल्या.

"आवाज ऐकाय बोलावलं न्हवतं तुला. आवाज काय, फोनवर येतोय. तोंड दाव."

श्रीपतरावांना रडू आलं. अकरा वर्षांत साडेपाचशेच्या वर रविवार येतात. त्यातल्या कुठल्याही एका रविवारी, जुन्या कडक स्प्रिंगांवर, कण्हत-कुंथत का होईना, ही बाई ह्या अंगणात उतरली असती. कंबर तिची होती. दुखणं सोसायचं की नाही, हे तिला एकदा विचारायला हवं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं खरं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला आणि दोन्ही पाय दाराबाहेर सोडून त्या कडेला सरकल्या. खाली चौघीजणींनी एक वाकळ आणली आणि चारी कोपरे धरून ताणली. वरून ती हातरुमालाएवढी दिसत होती.

अनसूयाबाईंनी पुढे झुकून पाहिलं. गादी इतकी मऊ होती की रेटा द्यायला बूड कशावर टेकत नव्हतं.

"अवो," त्या मागे न बघता म्हणाल्या, "एक धक्का द्या."

"तुझी कंबर..."

"द्या म्हंते न्हवं. मिस्त्रीचं बोलणं मीबी ऐकलंय."

श्रीपतरावांनी हात उचलला आणि बायकोच्या पाठीवर, बरोबर दुखऱ्या मणक्यावर ठेवला. पाठ गरम होती.

"अजून न्हाई दिसत," खालून हौसाक्का म्हणाली.