घराकडे तोंड करून गेलेली मोटार

थळच्या कोळीवाड्यात गुणाजीची मोटार आली तेव्हाच ती म्हातारी होती. इतकी, की चढ लागला की गिऱ्हाईकं आपणहून खाली उतरत. वडीलधाऱ्याला ओझं कसं द्यायचं, असं त्यांना वाटे. गुणाजीनं ती होडी विकून घेतली होती, आणि त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, ते अजून मनात धरलं होतं. त्या होडीतून दोघं बाजाराला मासळी नेत. तो वाटेकडे पाठ करून वल्ही मारी, ती समोर बघत सुकाण धरी. आता ती डोक्यावर पाटी घेऊन चालत जाई, पण मोटारीत पाय ठेवत नसे.

त्या मोटारीचा मागचा ॲक्सल एका शनिवारी चोंढीच्या नाक्यावर सुक्या बोंबलांच्या ओझ्याखाली मोडला. बैल जोडून ती घरी ओढत आणावी लागली. मोडायला दिवसही असा निवडला की सोमवारी गुणाजीला दादांच्या प्रमोदिनीला रेवस बंदरावर पोचवायचं होतं.

दादा म्हणजे गावातले बागायतदार; नारळी-पोफळीची वाडी, आणि मोजकं बोलणं. त्यांच्या प्रमोदिनीला मुंबईला मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती. सोमवारी शाळेत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला जायची. म्हणजे सकाळची बोट गाठायलाच हवी. दादांनी नको म्हटलं नाही. त्यांनी फक्त लेकीशी बोलणं सोडलं. मुलगी लग्न होऊन गेली तर समजतं, पगारासाठी जाते म्हणजे बापाचं घर कमी पडलं का, हा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी तिला सोडून सगळ्या गावाला विचारला होता. पण बाहेरची मोटार नको, गुणाजीच नेईल, हेही त्यांनीच ठरवलं होतं. गुणाजीनं शब्द दिला होता.

किहीमला एका शेठजीच्या बंगल्यामागे दुसऱ्याच जातीची एक मोटार गंजत पडली होती. पाटीभर ताज्या पापलेटांच्या बदल्यात गुणाजीनं तिचा मागचा ॲक्सल मिळवला, बैलगाडीतून आणला आणि रविवारभर मोटारीखाली आडवा झाला. ॲक्सल बसेना. ह्या मोटारीच्या स्प्रिंगच्या कमानी ॲक्सलच्या वर टेकत, त्या मोटारीच्या खालून लटकत. शेवटी त्यानं तो तव्यावरच्या बांगड्यासारखा परतला. तळ वर, पाठ खाली. मग असा बसला की जणू इथंच जन्मला होता.

तेव्हाच चालवून बघितली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण होडीचं नवं लाकूड नारळ फुटल्याशिवाय पाण्याला लागत नाही, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, आणि गुणाजीच्या लेखी नवा ॲक्सल म्हणजे नवं लाकूडच. तेव्हा सोमवारी उजाडता त्यानं चाकापुढे नारळ फोडला, बॉनेटला झेंडूची माळ घातली, पहिला गियर टाकला, आणि मोटार सुसाट मागे जाऊन चंद्राबाईच्या बोंबील वाळवायच्या वलांडीत घुसली.

पालथा ॲक्सल चाकं उलटी फिरवत होता. पुढच्या तिन्ही गियरांत मोटार मागे पळे. मागच्या गियरात पुढे जाई खरी, पण तो गियर एकच आणि तोही गोगलगाईचा. त्यात रेवस गाठेपर्यंत बोट मुंबईला लागून माणसं जेवायला बसली असती. ॲक्सल सोडून पुन्हा बांधायला दुसरा दिवस हवा. गुणाजी डोकं धरून पायरीवर बसला.

चंद्राबाईनं अंगावरचे बोंबील झटकले. मोटारीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"होडीत तरी तुमी कदी पुढं तोंड करून बसला व्हता?" ती म्हणाली.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोटारीत चढली. मागच्या सीटवर गुडघे टेकले, मागे दुमडलेल्या टपावर हात रोवले आणि शेपटाकडे तोंड केलं. रेवसच्या वाटेला एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला डोंगर. तिनं डावं-उजवं काही केलं नाही. "दर्याकडं," म्हणाली की गुणाजी चाक तसं वळवी. "डोंगराकडं," म्हणाली की तसं.

दादांच्या फाटकाशी मोटार आधी शेपटीनं पोचली. गुणाजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. पुढं तोंड केलं तर बोट चुकते, पाठ केली तर मिळते. दादा निरोप द्यायला आलेच नव्हते. ते फाटकाची कडी तपासायला आले होते.

"तिला विचार," ते कडीकडे बघत म्हणाले.

"बोट चुकायला नको," प्रमोदिनी म्हणाली आणि ट्रंकेसह मागे बसली. एका सीटवर दोघी, एकीचं तोंड रेवसकडे, दुसरीचं घराकडे.

मोटार निघाली. गावाबाहेरच्या उंडीच्या झाडापर्यंत रस्ता सरळ होता. जाणारी मुलगी एरवी कशी, पाठमोरी बसते, एकदा वळून बघते, की संपलं. हिचं तसं होईना. ती समोरच बघत होती आणि समोर दादा होते. दादांनी कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग तपासायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी मान वर केली. लेक दूर जात होती आणि तिचं तोंड त्यांच्याकडेच होतं. कुणाला नजर चोरायला जागाच नव्हती. दादांनी डोक्यावरची टोपी काढली, हात वर केला आणि काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण गुणाजीच्या मागून प्रमोदिनी म्हणाली, "हो दादा."

गुणाजीलाही समोर तेच दिसत होतं. आपल्या लेकीला, केसरला, त्यानं स्वतः वल्ही मारत सासरी करंजाला नेलं होतं. मागे राहिलेला गाव वल्हवणाऱ्याला किती वेळ दिसत राहतो, ते त्याला ठाऊक होतं. त्याचे डोळे भरले, समोरचं सगळं पुसट झालं. पण अडलं काही नाही. बघायचं काम चंद्राबाईचं होतं.

"डोंगराकडं," ती ओरडली. "आणि समदी अशी गप का?"

पुढची हकिगत रेवसपर्यंत प्रत्येक गाव वेगळी सांगतो. मोटारीमागे रोज धावणारा चोंढीचा कुत्रा त्या दिवशी मोटारीपुढे धावत सासवण्यापर्यंत आला आणि पुन्हा कुठल्या चाकावर भुंकला नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मैलांचा आकडा उलटा फिरून मोटार तेवढी तरुण झाली, हे मात्र गुणाजीचं म्हणणं. बंदरावर बोटीचा खलाशी दोर सोडत होता. मोटारीची पाठ बघून, कुणी निघालं वाटतं, म्हणून त्यानं हात हलवून निरोप दिला. ती लहान व्हायची ती मोठीच होत चालली तेव्हा त्याचा हात तसाच राहिला आणि दोरही. तेवढ्यात प्रमोदिनी बोटीवर चढली.

गुणाजीनं नंतर अलिबागच्या लोहाराकडून ॲक्सल कमानींना धरतील अशा वेगळ्या पकडी करून घेतल्या आणि ॲक्सल सुलटा बांधला. मोटार माणसांसारखी चालू लागली. दिवाळीला प्रमोदिनी आली, चार दिवस राहिली, आणि ह्या खेपेला दादा बोलत होते. पोफळीचं, पावसाचं, शाळेच्या पोरींचंसुद्धा. निघायच्या सकाळी ते फाटकाशी आले. मोटार रेवसकडे तोंड करून उभी होती. लेक चंद्राबाईशेजारी बसली. दादांना तिचा अंबाडा दिसला.

ते मोटारीभोवती एक चक्कर मारून आले.

"गुणाजी, मोटार बिघडलीय का रे?"

"न्हाय दादा. पार दुरुस्त हाय आता."

दादांनी कडी लावली, काढली.

"मग उंडीच्या झाडापर्यंत तेवढी बिघडव."

गुणाजीनं मोटार वळवून घेतली आणि मागचा गियर टाकला. गोगलगाईचाच होता तो, पण आज घाई कुणाला होती? मागच्या सीटवर चंद्राबाईनं कुणी सांगण्याआधीच गुडघे टेकले होते.

"दर्याकडं," ती म्हणाली. "सावकाश."