पंचशीलाताई आणि हलता पाट

मित्रांनो, कारखान्यात माझं नाव व्हायब्रेशन प्लेट ठेवलं होतं, पण भाईंदरच्या बायका मला 'हलता पाट' म्हणतात आणि मला तेच नाव आवडतं. लोखंडी पाया, वर रबराची पाटी, आत मोटर आणि धरायला दोन दांडे एवढाच माझा देह. कुणी वर उभं राहिलं की मी बारीक थरथरतो.

माझी पहिली वर्षं काशीमीऱ्याच्या एका जिममध्ये गेली. मालक चंदनने माझ्यावर फलक लावला होता, 'उभे राहा, बारीक व्हा!' लोक हौसेने चढले. कुणीच बारीक झालं नाही. मग माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. जिम बंद पडली तेव्हा चंदन म्हणाला, "बेकार आयटम है, ले जाओ कोई." मला नेलं रुचिता या फिजिओथेरपिस्टने. भाईंदर पश्चिमेला तिची छोटीशी व्यायामाची खोली आहे.

तिथेच मला पंचशीलाताई भेटल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बसमध्ये कंडक्टर. चौक गावाच्या वाटेवर ड्रायव्हरने ब्रेक दाबला, त्या तोल जाऊन पडल्या आणि मनगट मोडलं. डॉक्टरांना शंका आली. एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं. तपासणी केली तर हाडं विरळ झालेली. मित्रांनो, बाईची मासिक पाळी कायमची थांबली की हाडं भराभर झिजू शकतात. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही.

औषधं सुरू झाली. मनगट बरं झाल्यावर डॉक्टरांना विचारून रुचिताने त्यांना चालणं दिलं, वजन उचलायला दिलं आणि जोडीला मला दिलं.

पहिल्या दिवशी मी थरथरू लागताच ताईंनी दांडे घट्ट पकडले आणि त्या खाली उतरल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, बसमध्ये पडले तेव्हा पायाखाली असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान नागोराव सोबत होते. ते म्हणाले, "कशाला जिवाला घोर? ऑफिसात बसून पास काढून देण्याचं काम मिळतंय, ते घे. परत पडलीस तर?"

"पडू नये म्हणूनच आलेय ना," ताई म्हणाल्या. "मला बसमध्येच उभं राहायचंय. लाव गं परत."

त्या पुन्हा चढल्या. गुडघे किंचित वाकवून, ओठ आवळून उभ्या राहिल्या. त्यांचे तळवे माझ्या पाटीवर कसे रोवले होते ते मला अजून आठवतं.

मग त्या नेमाने येत राहिल्या. भीती गेली तशी घाई सुरू झाली.

"रुचिता, वाढव ना जरा. लवकर हाड भरेल."

"नाही ताई. जास्त हललं म्हणजे जास्त हाड, असं नसतं. उलट गुडघे दुखतील. आणि नुसत्या पाटावर भागणार नाही, ती वजनं पण उचलायची."

ताई कुरकुरल्या, पण वजनं उचलली.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. ताई रिपोर्ट घेऊन आल्या आणि बाकावर बसूनच राहिल्या.

"वर्षभर राबतेय मी. वाढलं नाही गं हाड."

रुचिताने रिपोर्ट नीट वाचला. "पण कमी पण झालं नाही ताई. घसरत होतं ते थांबलंय."

"या पाटामुळे?"

"ते मी सांगू शकत नाही. औषध आहे, व्यायाम आहे, हा पण असेल थोडा. पण तुमचा तोल बघा. एका पायावर उभ्या राहा."

ताई उठल्या. काही न धरता एका पायावर उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते आणि त्या हलल्या नाहीत. नागोराव दारात होते. त्यांनी ताईंची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. मग चपला काढून ताई माझ्यावर चढल्या.

"थांबलंय ना? मग थांबवूनच ठेवायचं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. आज ताई पुन्हा खाकी घालून बसमध्ये तिकिटं फाडतात. सुट्टीच्या दिवशी येतात तेव्हा सोबत सुचेता, मनोरमा अशा बरोबरीच्या मैत्रिणींना ओढून आणतात. "आधी डॉक्टरला विचारा, मग चढा," असं दटावतातही.

मित्रांनो, मी जादूचा पाट नाही, आणि मला तसं म्हणवून घ्यायचंही नाही. मला महिन्यातून एकदा पुसा, माझे पेच आवळा, एवढ्यावर मी वर्षानुवर्षं चालेन. तुमच्या आईच्या हाडांचे पेच मात्र असे बाहेरून आवळता येत नाहीत. ती दमते, पण सांगत नाही. म्हणून आज संध्याकाळी तिच्या हातातली कणीक तुम्ही घ्या आणि म्हणा, "आई, तू चालून ये. पोळ्या मी लाटतो."

वाकड्या झाल्या तरी चालतील.