आत उघडणारं दार

चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. पिवळी, रुंद, नवीकोरी पट्टी, आणि तिच्यावरून फिरणारं नख पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होतं... इथे काहीतरी लागतंय... नाही, हा नुसता ओरखडा... टोक असणारच, टोकाशिवाय पट्टी असत नाही, पण कोणीतरी ते असं दाबून बसवलं होतं, जणू कोणाला ते कधी लागणारच नव्हतं. पलीकडे मंचावर गायिकेने सूर लावला आणि त्याच क्षणी नख अडकलं. मिळालं. एवढ्याशा गोष्टीने पट्टी घेऊन जमिनीवर बसलेल्या तिला केवढं बरं वाटलं. सकाळपासून ती अशाच बारीकसारीक गोष्टींवर तग धरून होती.

मंचापासून मागच्या दारापर्यंत रुग्णवाहिकेची वाट आखायची होती, म्हणजे ऐन गर्दीत तिथे कोणी खुर्ची टाकून बसणार नाही. बंद पडलेल्या कारखान्याचं हे आवार, चारी बाजूंनी उंच भिंत. पुढचं दार प्रेक्षकांसाठी आणि मागचं, एका रुंद लोखंडी कवाडाचं, कोणाला काही झालंच तर. कार्यक्रम भरवणारी कंपनी ताईची, म्हणजे घरचीच — ताई, भाऊजी आणि ती. आजवर तिच्या वाट्याला खुर्च्या यायच्या, पाण्याची पिंपं यायची. या वेळी ताई म्हणाली होती, "हा कार्यक्रम सगळाच्या सगळा तुझा. मी संध्याकाळी येऊन नुसती ऐकत बसणार." म्हणाली हसून. पण ताईचं हसू तिला लहानपणापासून पाठ होतं. हे नीट पार पडलं तर पुढचेही तुझे, नाहीतर पुन्हा खुर्च्या, असं त्या हसण्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

गुडघ्यांवर सरकत, पट्टी दाबत ती दारापर्यंत आली. उंबऱ्याशी शेवटचा तुकडा लावायचा म्हणून तिने अडणा काढला आणि कवाड आपल्याकडे ओढलं. ते हातभर आलं आणि ठण्ण करून थांबलं. तिने पुन्हा ओढलं. ठण्ण. मग तिने वर पाहिलं. कवाड जनरेटरच्या गाडीला टेकलं होतं.

गाडी अगदी योग्य जागी होती. तिने नकाशावर जिथे चौकोन काढला होता, बरोब्बर तिथे. म्हणजे चालकाची चूक नाही, कोणाचीच नाही... माझी. जागा बघायला ती आली तेव्हा हे दार सताड उघडं होतं, कवाड भिंतीला चिकटलेलं, त्याच्यावर वेल चढलेला, आणि तिने मोकळ्या जागेला टेप लावून रुंदी मोजली होती, रुग्णवाहिका सहज जाईल एवढी. तिने भोक मोजलं. दार मोजलंच नाही. दार बंद असेल, आणि ते आत उघडत असेल, आणि आत उघडायला त्याला जागा लागेल... सकाळी गाडी आत आली, पहारेकऱ्याने दार लावून घेतलं, मग गाडी मागे मागे येत तिच्या चौकोनात नेमकी बसली. तेव्हा ती जवळच उभी होती. "येऊ द्या, येऊ द्या, बास," असं तीच म्हणाली होती.

घरात तिला फुटपट्टी म्हणत. कपाट आणायचं झालं तर आधी जिना मोजणार, प्रवासाला निघताना बॅग मोजणार... ती फुटपट्टी. हे नाव आठवून तिला हसूच आलं. फटीतून आता एक माणूस तिरका होऊन बाहेर जाऊ शकला असता. स्ट्रेचर नाही. भरलेल्या आवारातून पुढच्या दाराने स्ट्रेचर काढायचं म्हणजे... नको.

भाऊजी केबलपाशी बसले होते; वीज त्यांच्याकडे. तिने सांगितलं तेव्हा त्यांनी दार ओढून पाहिलं, जीभ गालात फिरवली.

"गाडी पुढे घेता येईल?" तिने विचारलं.

"येईल की. पण केबल पुरणार नाही. सगळं बंद करायचं, मंचाखालून केबल काढायची, पलीकडून फिरवून परत जोडायची. आणि तिकडे बाईंचा सराव चालू आहे."

"कार्यक्रमाच्या आधी, मग?"

"बाईंचं संपेपर्यंत लोक यायला लागतील. त्यांच्या पायाखालून नेणार केबल? करायचं तर आत्ता, नाहीतर नाही." मग त्यांचा आवाज मवाळ झाला. "अगं फुटपट्टे, इतके कार्यक्रम केले आपण. ती रुग्णवाहिका येते, बाहेर उभी राहते, तिचा ड्रायव्हर फुकटात गाणं ऐकतो आणि घरी जातो. कधी आत आलेली बघितलीस? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"ताईला विचारू?"

"विचार. पण कार्यक्रम तुझा आहे ना?" ते चेष्टेने म्हणाले की खरंच, हे तिला कळलं नाही.

ती मंचाच्या बाजूला येऊन उभी राहिली. गायिका गात होती. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा तिचा हा पहिलाच कार्यक्रम. सकाळी आल्या आल्या तिने बजावलं होतं, "आवाज मी एकदाच तापवणार. मध्ये थांबवू नका. थांबला की मला तो परत सापडत नाही." हे सांगताना तिचा हात गळ्यावर गेला होता आणि तिने तो लगेच खाली घेतला होता. आणि आता तो आवाज सापडलेला होता, ऐकूच येत होतं, भीत भीत एकेक पायरी चढून वर पोचलेला... आणि मी जाऊन वीज बंद करणार. कशासाठी? कोणाच्या तरी न आलेल्या झटक्यासाठी?

कोणाला काही होणार नाही. तिने मनातल्या मनात लोकांना खुर्च्यांवर बसवून पाहिलं, धडधाकट, पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेले लोक. होतं काय यांना? आई घराला कुलूप लावायची, जिना उतरायची, आणि गॅस बंद केला ना म्हणत परत वर जायची. खाली रस्त्यावर बाबा घड्याळ बघत, ताई वैतागलेली, आणि ती ताईचा हात धरून. गॅस एकदाही चालू सापडला नाही. बाबा म्हणायचे, तुझी आई जन्मात एवढे जिने चढली, निदान एकदा तरी तो गॅस चालू मिळायला हवा होता बिचारीला. सगळे हसत. आईही हसायची, धापा टाकत, जराशी ओशाळून... तेव्हाच तिने ठरवलं असावं, आपण आईसारखं व्हायचं नाही. एकदाच मोजायचं, नीट मोजायचं, आणि मागे वळायचं नाही.

फोन हातात होता. ताईचा नंबर समोर होता. ताई काय म्हणेल? ताई म्हणेल, तू ठरव. किंवा म्हणेल, राहू दे — आणि मग ते राहू देणं ताईचं होईल, आपल्या अंगावर काही उरणार नाही. तेवढ्यासाठीच तर फोन करायचा होता. हे लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. तिने फोन खिशात टाकला.

राहू दे. ठीक. समज राहू दिलं. संध्याकाळ होईल, लोक येतील, गायिका गाईल, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, आपापल्या घरी जातील. मागचं दार बंदच राहील. ताई पाठीवर थाप मारेल, भाऊजी डोळा मिचकावतील... आणि मला बरं वाटेल. छान झोप लागेल. पुढच्या वेळी दार अडलेलं दिसलं की मी थांबणारसुद्धा नाही. मीच कोणाला तरी म्हणेन, ती येते, बाहेर उभी राहते, गाणं ऐकते आणि जाते. काही झालं तर, याची ती इतका वेळ भीती बाळगून होती, आणि आता काही होणार नाही याचीच तिला भीती वाटू लागली. ती मंचाच्या पायऱ्या चढली.

गायिकेने तिला येताना पाहिलं, पण सूर सोडला नाही; डोळ्यांनीच नको म्हणाली. साथीदार थांबले. मग सूरही थांबला.

"काय आहे?"

"माझ्याकडून चूक झालीय," ती म्हणाली. समोरच्या मायक्रोफोनने ते वाक्य उचललं आणि सगळ्या आवारात पोचवलं. खुर्च्या मांडणारी माणसंसुद्धा वळून बघू लागली. "मागचं दार उघडत नाहीये. कोणाला न्यायची वेळ आली तर नेता येणार नाही. गाडी हलवायला लागेल, वीज बंद करायला लागेल. आत्ताच."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

गायिकेचा हात गळ्याशी गेला होता, आणि या वेळी तिथेच राहिला. "आणि हे?" ती हळूच म्हणाली. "हे मला परत सापडलं नाही तर?"

काही होणार नाही, असं म्हणता आलं असतं, ते शब्द तर जिभेवर अगदी तयार होते, पण ते तिने गिळले. "मलाही तीच भीती वाटतेय," ती म्हणाली. खालून भाऊजींनी हाताने विचारलं, बंद करू? तिने मान हलवली. जनरेटरची घरघर थांबली, मंचावरचे दिवे गेले, पंखे मंदावत मंदावत थांबले. बाहेर ढळढळीत दुपार होती. गायिका खुर्चीवर बसली, तिने डोळे मिटले. ती थांबली तिच्यापाशी. भीती तशीच होती, उलट आता तिच्यात या बाईच्या आवाजाचीही भर पडली होती. फक्त ती कोणाला दिसू नये म्हणून इतका वेळ आवळून धरलेले हात तिने केव्हा मोकळे सोडले, ते तिलाच कळलं नव्हतं.