साडेसात फुटांची साक्ष

या मित्रांनो, अंमळ जवळ सरका. लाकडाचा आवाज बारीक असतो, पण माझी गोष्ट खरी आहे. मी एक जुनी मापकाठी आहे. मेपलच्या लाकडाची, सरकवून लांबवली की तेरा फूट उंच, पायाला पितळेची टाच, अंगावर काळे-तांबडे आकडे. जमीन किती चढली, किती उतरली, ते मी सांगते. कुणाच्या मर्जीने एक बोट कमी नाही की जास्त नाही. तोच माझा धर्म.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या टेकड्यांवर मी चाळीस वर्षं उभी राहिले. तिथे घरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली आणि मधे माती थोपवणाऱ्या भिंती. "काठी म्हणाली ना? मग झालं!" असं गवंडी म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे. पुढे आकाशातून जमीन मोजणारे उडते कॅमेरे आले आणि मला कचेरीच्या खिडकीला टेकू म्हणून लावलं. अपमान गिळला मित्रांनो, पण वाकले नाही.

त्या कचेरीत ओडेसा टिन्सली नकाशे करी. साठीची बाई. रविवारी तिच्या चर्चमधले पाद्रीबाबा बोलता बोलता गाऊ लागत आणि सगळी सभा होकार देत डोले. सोमवारी तेच सूर ओडेसा संगणकापुढे गुणगुणे. त्या सुरांवर माझा फार जीव.

एकदा उतारावरची जुनी, पोट फुगलेली दगडी भिंत पाडून नवी बांधायचं काम आलं. वर नवं घर होणार होतं, खाली मिसेस सोबेक नावाच्या म्हातारीचं स्वयंपाकघर. संगणकात जमीन करायची तर उंचीचे ठिपके मांडतात आणि संगणक त्यांवर चादर अंथरतो. कॅमेऱ्याच्या ठिपक्यांवरून भिंतीची उंची चार फूट निघाली. तेवढी भिंत ओडेसाने चित्रात उभी केली, तर चादर भिंतीच्या पोटातून तिरपी आरपार! चित्रातली माती भिंतीबाहेर लोंबू लागली.

कचेरीचा मालक लेलंड तिच्या मुलाच्या वयाचा. डोकावून म्हणाला, "एवढंच ना? बाहेर आलेला तुकडा कापून टाका. चार वाजता नकाशे जायचेत."

"अरे, माती उगीच बाहेर येत नाही. पायथ्याचे ठिपके चुकलेत."

"चित्र आहे ते, ओडेसा. चित्रातली माती कुणाच्या अंगावर पडते?"

"आज चित्रातली आहे. उद्या मिसेस सोबेकच्या ताटात पडेल."

ती उठली आणि मला ओढून काढलं. खिडकी धाडकन आपटली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

भिंतीच्या पायथ्याशी कमरेएवढ्या वेली माजल्या होत्या. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला वेलींचा शेंडाच जमीन वाटला होता. मिसेस सोबेकने कात्रीने वेली छाटल्या, मला आधी भिंतीच्या माथ्याशी धरलं आणि मग माझी टाच पायथ्याच्या खऱ्या मातीवर टेकवली. ओडेसाने मोजणीच्या दुर्बिणीतून वरचा आणि खालचा आकडा वाचून वजाबाकी केली. साडेसात फूट!

"पुन्हा बघ गं पोरी, माझा हात हलला असेल."

"हात नाही हलला, मिसेस सोबेक. भिंत हललीय."

कचेरीत येऊन ओडेसाने ठिपक्यांच्या दोन ओळी मांडल्या, एक भिंतीच्या माथ्याशी, एक पायाशी, मधे जेमतेम बोटभर अंतर. चादर पडद्यासारखी सरळ खाली उतरली. लेलंडचा चेहराही उतरला.

"साडेसात? चार फुटांच्या वर गेली की कायद्याने आत लोखंड, मागे पाण्याला वाट, वर अभियंत्याची सही! गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल."

"ते जाईल. माती कुठे जाणार नाही."

"चार लिहा, ओडेसा."

"नाही लिहिणार. नकाशाच्या कोपऱ्यात माझं नाव असतं."

"मग उद्यापासून दुसऱ्या कुणाचं असेल."

ओडेसा उठली. तिने मला उचलून त्याच्या हातात दिलं. "खुशाल. पण आधी पायथ्याशी उभा राहून ये. मग तूच सही कर."

तिला खोटं पाडायला तो तणतणत निघाला. पायथ्याशी जाऊन उभा राहिला. चांगला सहा फुटी गडी. चार फुटी भिंत त्याच्या छातीला लागली असती. पण माथ्याचा दगड त्याच्या टोपीच्याही वर होता आणि भिंतीचं पोट नाकाशी आलेलं. मी त्याच्या हातात ताठ उभी.

मिसेस सोबेकने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "काय रे बाबा, चार फुटांत बुडालास होय?"

लेलंडने भिंतीच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला. मग त्याने फोन लावला. "साडेसातच ठेवा, ओडेसा. आणि नाव तुमचंच."

"ते होतंच," पलीकडून आवाज आला.

गिऱ्हाईक महिनाभर रुसलं, पण भिंत बांधली गेली. लोखंडासकट, पाण्याच्या वाटेसकट.

मित्रांनो, खरं सांगणारी वस्तू अडगळीत टाकू नका, एवढीच माझी विनवणी. मला चुलीत घातलंत तरी माझा आकडा बदलायचा नाही. पण मी पडले लाकूड, मला भीती कसली? तिला भीती होती, पोट होतं, तरी ती सरळ उभी राहिली. देवापुढे हात जोडाल, तेव्हा ओडेसा टिन्सलीचं नाव एकदा घ्या.