शेजारची खुर्ची

फुटबॉल खेळत होता तेव्हा त्याला सगळे ‘भिंत’ म्हणत. बचावफळीत तो पाय रोवून उभा राहिला की भल्याभल्यांची पुढे सरकायची टाप नसे. गुडघे गेले, तसा तो कोच झाला. एकामागून एक क्लबांनी त्याला वाजतगाजत आणलं आणि तोंड लपवत हाकललं. शेवटच्या हकालपट्टीची बातमी तर त्याला क्लबच्या ड्रायव्हरकडून कळली. मग टीव्हीवाल्यांनी बोलावलं.

सुरुवातीला तो खेळ नीट उलगडून सांगे. ऐकतो कोण? एकदा वैतागून त्याने एका गोलकीपरला ‘वाऱ्यावर हलणारा पडदा’ म्हटलं, आणि तेवढाच तुकडा मोबाइलवर गावभर फिरला. तेव्हापासून प्रोड्यूसर बाईंना त्याच्याकडून असलंच हवं असे. तो दाढी करताना टोमणे जुळवू लागला. चूळ भरली तरी तोंडाची चव जात नसे.

अशात त्याचा जावई एका क्लबचा कोच झाला. जावई त्याच्याच हाताखाली खेळलेला, गुणी, मेहनती. पण संघ हरत सुटला. भिंत त्या सामन्यांबद्दल पंचांना नावं ठेवी, मैदानाला ठेवी, जावयाचा विषय टाळे. पाच गोल खाल्ले त्या संध्याकाळी प्रोड्यूसर बाई मेकअपच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

“आज जावयावर बोलायचं.”

“पहिला गोल ऑफसाइड होता. त्यावर बोलतो.”

“आणि बाकीचे चार? लोक म्हणतायत, सासरेबुवा पाठीशी घालतात.”

मोजकी दोन वाक्यं बोलून सुटू, असं ठरवून तो खुर्चीत बसला. पण कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, पडद्यावर खिशात हात घालून उभा असलेला जावई दिसला, आणि जीभ सैल सुटली. “संघ बुडतोय आणि हा बसची वाट बघतोय! खिशातून हात तरी काढ, लेका!” अँकर पोट धरून हसला. त्या हसण्याने भिंतीला चेव आला. जाहिराती लागेपर्यंत तो थांबलाच नाही.

नंतर त्याने बेसिनपाशी तोंड पुसलं. कागदावर कातडीच्या रंगाचा थर आला. जावयाचं वाईट वाटलंच, पण आधी मजा आली होती.

त्याच आठवड्यात क्लबने जावयाला घरी बसवलं. भिंत माफी मागायला मुलीकडे गेला. जिन्यावर शब्द जुळवत, थांबत थांबत चढला. मुलीने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास आपटला. जावई मात्र हसतमुख.

“माझं चुकलं,” भिंत म्हणाला. “असं बोलायला नको होतं.”

“सोडा हो, बाबा! झकास बोललात. मलासुद्धा हसू आलं.” जावयाने खुर्ची जवळ ओढली. “स्टुडिओत तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी होतेय म्हणे. माझं नाव सुचवाल?”

“तुला तर मैदान सोडून करमत नाही.”

“मैदानात शिव्या खायच्या, तिथे शिव्या द्यायच्या. सांगा, काय वाईट?”

घासात झुरळ निघावं, तशी मुलगी नवऱ्याकडे बघत राहिली.

भिंतीने नाव सुचवलं नाही. सुचवायची गरजच पडली नाही, बाईंनी परस्पर फोन केला. पहिल्याच दिवशी त्यांनी सासऱ्याचा एक जुना, दारुण हरलेला सामना लावला. मैदानाच्या कडेला भिंत हातवारे करत होता.

“बाबा माश्या हाकलतायत!” जावई म्हणाला. “आणि यांना म्हणे भिंत म्हणत! या भिंतीला नुसत्या खिडक्याच!”

अँकर टेबल बडवू लागला. भिंतीच्या कानात बाईंचा आवाज आला, “उत्तर द्या! घरातलं काढा, मुलीचं काढा, मस्त चाललंय!”

आणि उत्तर तयार होतं. मुलीने या माणसात काय पाहिलं, यावरचा टोमणा जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तो हिट होणार, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने कानातलं यंत्र उपटून टेबलावर ठेवलं.

“मला किळस येते,” तो म्हणाला.

अँकर त्यालाही हसला. भिंत उठला, माइकची वायर ओढून काढली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी बॅग घेऊन माहेरी आली. “तो सकाळपासून आरशासमोर हातवारे करतोय,” एवढंच म्हणाली. आईने काही न विचारता तिचं अंथरूण घातलं.

इकडे भिंतीचं ते वाक्य घरोघरी पोचलं होतं. ‘दर आठवड्याला एकदा तेवढंच म्हणा’ म्हणून बाईंचे निरोपावर निरोप आले. त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. जावयाचा फोन मात्र बायकोची चौकशी करायला असेल, म्हणून त्याने उचलला.

“बाबा, रागावलात का? एक विचारायचं होतं. ते किळसवालं वाक्य... तुम्ही येणार नसाल, तर मी वापरू?”

“वापर,” भिंत म्हणाला. मग त्याने फोन पँटला खसाखसा पुसला आणि मुलीच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.