अंगठ्यावरचं लाल रफू

मी बूट विकतो. न्यू यॉर्कला, चौतिसाव्या रस्त्यावर, गेली एकवीस वर्षं. हे सांगायचं कारण, १९५७च्या मार्चमधल्या एका मंगळवारी चार शहाण्या माणसांनी टीव्हीवर मला टगबोटीचा, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीचा, कॅप्टन ठरवलं.

खेळ सोपा होता. तिघांनी ओळीनं यायचं आणि तिघांनीही एकच नाव सांगायचं. त्यात एक खरा, दोघे तोतये. समोर बसलेल्या चौघांनी प्रश्न विचारून खरा ओळखायचा. तोतयांना थापा मारायची मुभा, खऱ्यानं मात्र खरंच बोलायचं. जितके चुकतील तितके जास्त डॉलर आम्हा तिघांत वाटायचे.

खरे कॅप्टन होते ऑरिन टकर. त्या हिवाळ्यात फेरीबोट उलटली तेव्हा त्यांनी अकरा माणसं पाण्यातून ओढून काढली होती. आदल्या दिवशी स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांनी मला आणि दुसऱ्या तोतयाला, म्हणजे एका दातांच्या डॉक्टरला, बोटीबद्दल चार गोष्टी शिकवल्या. डॉक्टर कॉफी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "पेपरात एवढं नाव झालं, मग इथं कशाला आलात?"

"जी पाण्यात राहिली तिच्यासाठी."

एमा नावाची मुलगी. तिचा हात त्यांच्या हाती आला आणि निसटला. मुठीत फक्त हातमोजा उरला. राखाडी, अंगठ्यावर लाल लोकरीचं रफू.

"तिची आई स्क्रँटनला असते. तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पोरगी शेवटपर्यंत धरून होती, एवढंच सांगायचंय मला. उद्या टीव्ही लावा म्हणून तार केलीय."

"सांगा की," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या खुर्चीत, टकर तिसऱ्या. मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "कॅप्टन क्रमांक एक, त्या दिवसातलं काय विसरता येत नाही?"

थंडी म्हणता आलं असतं, धूर म्हणता आलं असतं. पण गिऱ्हाईक ऐकतंय असं दिसलं की माझी जीभ थांबत नाही. मी हातमोजा सांगितला. रफूसकट.

बाईंनी डोळे टिपले. "आणि तुम्ही, क्रमांक तीन?"

टकर यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेच," ते म्हणाले. "हातमोजा."

"अहो, शेजाऱ्याची वही किती बघाल!" निवेदक म्हणाला. सगळे खो खो हसले.

चारही मतं मला पडली. मग निवेदकानं खऱ्या कॅप्टनला उभं राहायला सांगितलं. रिवाजाप्रमाणे मी अर्धवट उठून बसलो, डॉक्टर अर्धवट उठून बसला, आणि टकर उठले. टाळ्या झाल्या. त्या थांबायच्या आत ते निघून गेले. मला लाज वाटली. पैसे मात्र घेतले.

आठवड्यानं स्टुडिओतून पत्र आलं. पाकिटावर 'कॅप्टन, क्रमांक एक'. आत लिहिलं होतं: रफू मीच केलं होतं. तुमचं ऐकल्यावर पुढे बघवेना म्हणून टीव्ही बंद केला. तुमची पत्रं मी फोडलीही नव्हती. रविवारी जेवायला या. खाली सही, मिसेस हलुश्का, एमाची आई.

मी धक्क्यावर जाऊन ते टकरना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि परत केलं.

"तुम्हीच जा. तिनं तुमचं तोंड पाहिलंय."

"मी जाऊन काय करू?"

"माझ्यापेक्षा बरं सांगता तुम्ही."

यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच स्क्रँटनच्या गाडीत बसवलं. दार एका ठेंगण्या बाईनं उघडलं. घरात कोबी शिजल्याचा वास होता. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "या, कॅप्टन."

"बाई, मी बूट विकतो," मी म्हणालो. "कॅप्टन हे."

ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. त्या चौघांसारखीच. टकरनी कोटाच्या खिशातून हातमोजा काढून पुढे धरला.

बाईनं माझे हात सोडले. हातमोजा घेतला, अंगठ्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांच्या बाहीला धरून त्यांना आत नेलं.

टेबलावर ताटं दोनच मांडलेली होती. मी दार ओढून घेतलं आणि स्टेशनचा रस्ता धरला.